रस्त्यावर इंधन, डायनोवर टायमिंग

प्रश्न थोडक्यात असा. साताऱ्यात एक जुनी मारुती एस्टीम आहे, १.३ लिटर, सोळा व्हॉल्व्ह. कॅम बदललाय, ४-२-१ हेडर बसवलाय, डिस्ट्रिब्युटर काढून क्रँक पुलीवर ३६-१ चं (३६ पैकी एक दात गाळलेलं) दातेरी चाक आणि मेगास्क्वर्ट, म्हणजे लॅपटॉपवरून बसवता येणारा इंजिनचा संगणक, लावलंय. इंजेक्टर मिनिटाला २४० सीसीचे आहेत. गाडी सुरू होते, चालते. ट्यूनिंग स्वतः रस्त्यावर करावं, की पुण्याला डायनोवर, म्हणजे गाडी रोलरवर पळवून टॉर्क मोजणाऱ्या यंत्रावर, न्यावं? विचारणाऱ्याचं म्हणणं असं की डायनोवाला तासाचे पैसे लावतो आणि रस्ता फुकट आहे.

दोन्ही लागेल, पण कामाची वाटणी निम्मी-निम्मी नाही. इंधनाचं टेबल, म्हणजे कुठल्या आरपीएमला आणि लोडला किती पेट्रोल द्यायचं याचा तक्ता, जवळजवळ सगळं रस्त्यावर होतं. फुल थ्रॉटलचं टायमिंग, म्हणजे पिस्टन वर पोचण्याआधी किती अंशांवर ठिणगी टाकायची ते, रस्त्यावर होत नाही, कितीही हुशार माणूस असला तरी. इंधन बरोबर पडतंय का, हे एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजनवरून सांगणारा वाइडबँड मीटर गाडीतच बसतो. टायमिंग बरोबर आहे का, हे फक्त टॉर्क सांगतो, आणि रस्त्यावर टॉर्क मोजता येत नाही. कानाने नॉकिंग (मिश्रण आपोआप भडकून येणारी टकटक) ऐकता येतं, पण नॉकिंग नाही म्हणजे टायमिंग बरोबर, असं होत नाही. ते का, हे पुढे आकड्यांनिशी येईल.

लॅपटॉप उघडण्याआधी एक दिवस गॅरेजात घालवा. सगळ्यात पहिलं, खरा टीडीसी, म्हणजे पिस्टन सगळ्यात वर असतो ती जागा. पुलीवरची खूण जुनी आहे, पुलीचं रबर सरकलेलं असू शकतं. पहिल्या सिलेंडरचा प्लग काढून पिस्टन-स्टॉप लावा, क्रँक दोन्ही बाजूंनी हाताने फिरवून पिस्टन जिथे जिथे अडतो तिथे पुलीवर खुणा करा, आणि दोन खुणांच्या बरोबर मध्ये नवी खूण पंच करा. मग सॉफ्टवेअरमध्ये टायमिंग १० अंशांवर फिक्स करून टायमिंग लाइट मारा आणि लाइटमध्ये १० दिसेपर्यंत ट्रिगर अँगल बदला. आता रेस करून ३,५०० आरपीएमवर परत बघा. खूण जागची हलली, तर सेन्सरच्या दोन वायरी उलट जोडल्यात किंवा चाक आणि सेन्सरमधली फट जास्त आहे. ०.८ ते १ मिलीमीटर फट ठेवा. वेस्टेड-स्पार्क कॉइल असेल तर डायल असलेल्या टायमिंग लाइटवर डायल शून्यावरच ठेवा, कारण दर फेऱ्याला ठिणगी पडल्याने काही लाइट दुप्पट आकडा दाखवतात. ही पायरी चुकली तर पुढे टेबलात लिहिलेला प्रत्येक अंश खोटा. स्क्रीनवर २४ आणि इंजिनात ३०, अशा गाडीचे पिस्टन जातात आणि दोष पेट्रोलला मिळतो.

दुसरं, वाइडबँडची जागा. बॉशचा एलएसयू ४.९ असेल तर हेडरच्या चार नळ्या एक झाल्यावर, एक्झॉस्ट पोर्टपासून साधारण ६० ते ९० सेंटीमीटरवर, एम१८ बाय १.५ चा नट वेल्ड करून घ्या. सेन्सर आडव्या रेषेपेक्षा किमान १० अंश वर झुकलेला हवा, म्हणजे सकाळी पाइपात जमलेलं पाणी त्यात शिरत नाही. सेन्सरच्या आधी एक्झॉस्टला कुठेही गळती नको. हेडरच्या गॅस्केटमधून दोन धक्क्यांच्या मध्ये बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला जास्तीचा ऑक्सिजन दिसतो आणि तो लीन (पेट्रोल कमी) सांगतो. मग ऑटोट्यून, म्हणजे मीटर बघून टेबल आपोआप दुरुस्त करणारी सोय, इमानदारीने पेट्रोल वाढवत बसतं. प्लग काळे आणि मीटर मात्र बरोबर, असं दिसलं की आधी गळती शोधा. मिसिंगचंही तसंच: न जळलेल्या मिश्रणातला ऑक्सिजन तसाच बाहेर येतो आणि मीटर लीन दाखवतो, प्रत्यक्षात प्लग ओले असतात.

तिसरं, पेट्रोलचा दाब. रेग्युलेटरची व्हॅक्यूम नळी काढून ३ बार आला पाहिजे. इंजेक्टरमधून जाणारं पेट्रोल दाबाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतं. लोडवर पंप दमून दाब २.५ वर आला तर पेट्रोल ९ टक्के कमी पडतं, म्हणजे ०.८७ ला बसवलेला लॅम्डा (हवा-पेट्रोलचं प्रमाण; १ म्हणजे नेमकं, त्याखाली पेट्रोल जास्त) ०.९५ वर जातो, तोही नेमका इंजिन सगळ्यात गरम असताना. जुन्या एस्टीमचा पंप आणि फिल्टर दोन्ही बदलूनच सुरुवात करा. इंजेक्टरांची चिंता करू नका. १०५ हॉर्सपॉवर धरली तरी ८० टक्के ड्यूटीला (इंजेक्टर ८० टक्के वेळ उघडा धरून) प्रत्येकी पावणेदोनशे सीसीच्या आसपास लागतं. २४० पुष्कळ झाले.

आता रस्ता. एक अट आधी: दोन माणसं. एक गाडी चालवेल, दुसरा लॅपटॉप बघेल. एकट्याने करायचं असेल तर फक्त लॉग घ्या, गाडी बाजूला लावा, बदल करा, परत निघा. गाडी चालवता चालवता टेबलातले खाने बदलणारा माणूस महामार्गावर नको.

आयडल आधी बसवा. पाणी ८० अंशांच्या वर, पंखा एकदा चालू-बंद होऊन गेलेला. लॅम्डा ०.९५ ते १.०. मोठ्या कॅमवर आयडलला एमएपीचा (इनटेकमधल्या हवेच्या दाबाचा) काटा नाचतो, त्याला थोडं रिच (पेट्रोल जास्त) आणि ९५०-१,००० आरपीएम द्यावं लागतं. ८०० चा हट्ट सोडा. इथे एक जागा नेहमी चुकते. इंजेक्टरचा डेड टाइम, म्हणजे करंट मिळाल्यापासून सुई उघडेपर्यंतचा वेळ, १४ व्होल्टला एक मिलिसेकंदाच्या आसपास असतो आणि व्होल्टेज उतरलं की वाढतो. आयडलला एकूण पल्सच दोन-अडीच मिलिसेकंदांची, त्यामुळे हेडलाइट आणि पंखा चालू करून १२.५ व्होल्टवर लॅम्डा सरकला, तर टेबलाला हात लावू नका, व्होल्टेजची दुरुस्ती बदला. दिवे बंद आणि दिवे चालू, दोन्ही वेळा लॅम्डा तोच आला की डेड टाइम बसला.

मग सपाटीवरचं क्रूझ. चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये ५० ते ८० च्या वेगाने, थ्रॉटल स्थिर धरून. लॅपटॉपवरच्या ट्यूनरस्टुडिओ सॉफ्टवेअरचं ऑटोट्यून इथे छान काम करतं, पण त्याला लगाम हवा. पाणी ७५ अंशांखाली असेल तर नोंद नको, अ‍ॅक्सिलरेशनचं जादा पेट्रोल चालू असताना नको, पाय सोडल्यावर इंजेक्शन बंद होतं तेव्हा नको, आणि एका खान्यात एका वेळी १० टक्क्यांपेक्षा जास्त बदल नको. एक्झॉस्टचा धूर सेन्सरपर्यंत पोचायला वेळ लागतो. कमी आरपीएमवर हा उशीर जास्त, आणि तो भरला नाही तर एका खान्याची चूक शेजारच्या खान्यात लिहिली जाते. टेबल डोंगर-दऱ्यांसारखं खडबडीत दिसायला लागलं तर हेच झालंय. इंजिनाची हवा घेण्याची क्षमता अशी खाचखळग्यांची नसते. हाताने गुळगुळीत करा आणि पुन्हा गाडी फिरवा.

लोडच्या खान्यांसाठी सातारकरांचं नशीब चांगलं, घाट दारात आहे. यवतेश्वरचा चढ दुसऱ्या गिअरमध्ये २,५०० ते ३,५०० आरपीएमने चढलात तर वेग तीस-पन्नासच्या आतच राहतो आणि एमएपी आरामात ७० ते ९० किलोपास्कलमध्ये बसतो. चढ म्हणजे फुकटचा ब्रेक-डायनो. मात्र कामाच्या दिवशी सकाळी लवकर; कासचा हंगाम असेल तर तिकडे फिरकूसुद्धा नका. खंबाटकी यासाठी नको. तिथे मालट्रकच्या मागे पहिल्या गिअरमध्ये रांगायचं, मग जागा दिसली की फुल थ्रॉटल द्यायचं, यात लॉग काही मिळत नाही आणि धोका मात्र पुरा. सांगली-मिरजेकडच्यांना सपाटी आहे, त्यांनी चौथा गिअर वापरावा. या गिअरबॉक्सला चौथ्यात २,००० आरपीएम म्हणजे साधारण ताशी ५८ किलोमीटर. तिथून फुल थ्रॉटल दिलं की इंजिन हळूहळू चढतं आणि प्रत्येक खान्यात पुरेसा वेळ थांबतं. डाव्या पायाने ब्रेक दाबून लोड देण्याची युक्ती दोन-तीन सेकंदांपलीकडे वापरू नका. तेच ब्रेक घाट उतरताना लागणार आहेत.

या सगळ्या वेळात टायमिंगचं काय? जाणूनबुजून मागे ठेवा. ९:१ कॉम्प्रेशनच्या, बिनटर्बोच्या या इंजिनाला फुल थ्रॉटलला सुरुवातीला २,००० वर १६, ३,००० वर २०, ४,००० वर २३, ५,००० वर २५ आणि ६,००० वर २६ अंश एवढंच लिहा. हेड घासलं असेल, म्हणजे कॉम्प्रेशन वाढलं असेल, तर सगळीकडे आणखी दोन कमी. गाडी थोडी मंद वाटेल. वाटू दे.

क्रूझचं टायमिंग मात्र रस्त्यावर बसवता येतं, आणि त्यासाठी एक स्वस्त युक्ती आहे. सपाट रस्त्यावर ६० च्या वेगाने गाडी स्थिर धरा, एमएपी बघा. समजा ४६ किलोपास्कल आहे. त्या भागातलं टायमिंग ३० वरून ३३ करा आणि तोच वेग तसाच धरा. एमएपी ४४ वर आला, म्हणजे तेवढ्याच कामासाठी इंजिनाला कमी हवा लागली, फायदा झाला. आणखी दोन अंश द्या. एमएपी हलायचा थांबला की एक पाऊल मागे या. रस्त्याचा उतार फसवतो, म्हणून तोच तुकडा दोन्ही दिशांनी करा. बहुतेक वेळा ३४ ते ३८ च्या दरम्यान उत्तर सापडतं. पेट्रोलचा खर्च कमी होतो तो याच भागात. बहुतेक लोक फुल थ्रॉटलच्या मागे लागून हा भाग आळसाने तसाच सोडतात.

हीच युक्ती फुल थ्रॉटलला का चालत नाही? कारण तिथे एमएपी हवेच्या दाबाला जाऊन टेकलेला असतो, तो आणखी काय सांगणार. उरतो एकच मार्ग: गाडी किती जोराने पळते ते मोजायचं. वजन गुणिले त्वरण, त्यात हवेचा आणि टायरचा अडथळा मिळवायचा, गुणिले वेग, झाली हॉर्सपॉवर. लॉगमधून हे गणित करून देणारी सॉफ्टवेअरही आहेत. गाडीचं वजन कुठल्याही वजनकाट्यावर मिळेल, ऊस मोजतात त्या काट्यावरसुद्धा, फक्त त्याचं माप बहुधा दहा-वीस किलोंच्या पटीत येतं हे लक्षात ठेवा. गणित खरंच आहे. प्रश्न रस्त्याचा आहे.

दोन माणसं धरून गाडी १,००० किलोची समजू. रस्त्याला एक टक्का चढ आहे, म्हणजे शंभर मीटरला एक मीटर. डोळ्यांना तो दिसत नाही, सायकलवाल्याला फक्त जाणवतो. हा चढ गाडीला ९८ न्यूटनांनी मागे ओढतो. ताशी ९० ला, म्हणजे सेकंदाला २५ मीटर वेगाने, ते झाले २.४५ किलोवॅट, सव्वातीन हॉर्सपॉवर. समोरून ताशी १० किलोमीटरचा वारा असेल तर आणखी पावणेदोनच्या आसपास. म्हणजे सत्तर-पंच्याहत्तर हॉर्सपॉवर चाकावर देणाऱ्या गाडीत न दिसणारा चढ आणि न जाणवणारा वारा मिळून पाच हॉर्सपॉवर, साडेसहा-सात टक्के खातात. आता टायमिंगकडे या. सर्वाधिक टॉर्क ज्या किमान अ‍ॅडव्हान्सला (ठिणगी जितकी आधी, तितका अ‍ॅडव्हान्स जास्त) मिळतो, त्याच्या आसपास आलेख इतका सपाट असतो की दोन-तीन अंश पुढेमागे केल्याने टॉर्क एक टक्कासुद्धा हलत नाही. शोधायचा आहे एक टक्का, आणि मोजपट्टीच सात टक्के हलते. दोन्ही दिशांना धावून सरासरी काढली तर चूक कमी होते, पण एका टक्क्याच्या आत येत नाही.

मग लोक काय करतात? टायमिंग वाढवत जातात आणि टकटक ऐकू आली की दोन अंश मागे घेतात. टर्बो गाडीत किंवा साडेअकरा कॉम्प्रेशनला याला थोडा तरी अर्थ आहे, कारण तिथे नॉकिंग सर्वाधिक टॉर्कच्या आधी येतं. आपल्या ९:१ इंजिनात, ९१ ऑक्टेनच्या वरच्या पेट्रोलवर, बऱ्याच आरपीएमला उलटं होतं: टॉर्क २६ ला संपलेला असतो आणि टकटक ३२ ला येते. नॉकिंगच्या मागून मागे येणारा माणूस ३० वर थांबतो आणि खूश होतो. प्रत्यक्षात त्या चार अंशांनी टॉर्क वाढला नाही. सिलेंडरमधला दाब मात्र पिस्टन अजून वर येत असतानाच चढायला लागला, बेअरिंग आणि हेड गॅस्केटवर ताण वाढला, आणि पाण्याचं तापमान दोन-चार अंश वर गेलं.

शिवाय कायदा. चौपदरी महामार्गावर कारला केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे कमाल १०० ची मर्यादा आहे, आणि प्रत्यक्षात लावलेली पाटी त्याहून कमीचीही असते. या एस्टीमच्या तिसऱ्या गिअरमध्ये ६,५०० आरपीएम म्हणजे ताशी १३० च्या पुढे. कायद्यात राहून तिसऱ्यात ४,७०० च्या आसपासच पोचता येतं. पुढचे आरपीएम फक्त दुसऱ्या गिअरमध्ये, आणि दुसऱ्यात इंजिन तीन-चार सेकंदांत वर जाऊन संपतं. तेवढ्यात ज्वलनकक्ष धड तापत नाही. दुसऱ्या गिअरला न टकटकणारं इंजिन चौथ्या गिअरला, उन्हाळ्यात, चढावर टकटकू शकतं. गळीत हंगामात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर मागच्या दिव्यांशिवाय चालतात, त्यामुळे रात्रीचा मोकळा रस्ता हीसुद्धा कल्पनाच.

तेव्हा डायनो. फोन करून पहिला प्रश्न विचारा: ब्रेक आहे का? नुसत्या इनर्शिया डायनोवर एक जड रोलर असतो आणि तो किती लवकर फिरतो यावरून पॉवर काढतात. आधी-नंतरची तुलना करायला तो ठीक. पण एका आरपीएमवर इंजिन धरून ठेवता येत नाही, आणि आपल्याला नेमकं तेच हवंय. एडी-करंट (विद्युतचुंबकी) ब्रेक असलेला डायनो ३,००० म्हटलं की ३,००० ला धरतो, तुम्ही थ्रॉटल कितीही द्या. दुसरा प्रश्न: त्यांचा वाइडबँड सायलेन्सरच्या टोकात खुपसायचा आहे का? तसा असेल तर तुमच्या सेन्सरचा आकडा धरा, त्यांचा नको. टोकाला बाहेरची हवा मिसळते.

कामाची पद्धत अशी. गाडी चौथ्या गिअरमध्ये, कारण तो १:१ च्या जवळ आहे. लॅम्डा ०.८७ ला पक्का. ३,००० ला धरा, फुल थ्रॉटल, टायमिंग १८ वर. टॉर्क स्थिर झाला की लिहा. मग २०, २२, २४. नमुन्यादाखल आकडे असे येतात: १८ ला ९२ न्यूटन-मीटर, २० ला ९५, २२ ला ९६.५, २४ ला ९७, २६ ला ९७, २८ ला ९६. याचं उत्तर २६ नाही आणि २४ सुद्धा नाही. २२ लिहा. अर्ध्या न्यूटन-मीटरसाठी दोन अंश जाळायचे नाहीत, ते खराब पेट्रोलच्या आणि मे महिन्याच्या खात्यात शिल्लक ठेवायचे. एका वेळी आठ-दहा सेकंदांपेक्षा जास्त धरू नका, मध्ये आयडलवर थंड होऊ द्या. मग २,०००, ४,०००, ५,०००, ६,०००, आणि मधले खाने सरळ रेषेत भरा. कुठे टॉर्क चढत असतानाच टकटक आली, तर त्या जागेवरून तीन अंश मागे.

टकटक ऐकायला माइक-अँप नसेल तर जुनी पद्धत पुरेशी आहे. आठ-दहा मिलीमीटरच्या तांब्याच्या नळीचं एक टोक चेपून भोक पाडा, ब्लॉकच्या बोल्टखाली कसा, दुसऱ्या टोकाला रबरी नळी लावून ती कानावरच्या इअरमफमध्ये सोडा. ७४ मिलीमीटर बोअरच्या इंजिनाची नॉक साधारण पावणेआठ किलोहर्ट्झला वाजते. रोलरच्या घुमण्यापेक्षा हा आवाज वेगळा असतो, पत्र्याच्या डब्यात वाळूचे खडे हलवल्यासारखा. इलेक्ट्रॉनिक नॉक सेन्सर असेल तर त्याची वारंवारताही तिथेच लावा.

प्लग वाचायचे तर तेही डायनोवरच. नवा प्लग लावून एक पूर्ण पुल (फुल थ्रॉटलने खालून वरच्या आरपीएमपर्यंत एक धाव), लगेच क्लच दाबून इंजिन बंद. बाजूच्या पत्तीवर रंग कुठे बदललाय बघा: बदल वाकाच्या आसपास असेल तर ठीक, वाकापासून खाली चुडीच्या (आट्यांच्या) कडेपर्यंत उतरला असेल तर टायमिंग जास्त. पांढऱ्या पोर्सिलेनवर मिऱ्याच्या पुडीसारखे चमकणारे ठिपके दिसले तर ते पिस्टनचं अ‍ॅल्युमिनियम आहे, त्या दिवशीचं काम तिथेच थांबवा. हा प्रयोग रस्त्यावर करायचा नाही. वेगात इंजिन बंद केलं की ब्रेकचा बूस्टर एक-दोन दाबांत संपतो.

डायनोच्याही खोडी आहेत. पंखा केवढाही असला तरी ताशी १०० च्या वाऱ्याची बरोबरी करत नाही. बॉनेटखाली हवा तापते, आत जाणाऱ्या हवेचं तापमान रस्त्यावरच्यापेक्षा पंधरा-वीस अंश वर जातं. तापमानाची दुरुस्ती चुकीची असेल तर डायनोवर बरोबर दिसणारा लॅम्डा रस्त्यावर सरकतो. म्हणून प्रत्येक पुल हवेच्या जवळपास सारख्या तापमानाला सुरू करा. फ्रंट-व्हील गाडी रोलरवर डावी-उजवी सरकते, पट्टे घट्ट हवेत. पण मध्येच जास्त आवळले तर टायर रोलरवर जास्त दबतो आणि पॉवर कमी दिसते. पट्टे आणि टायरची हवा दिवसभर तशीच ठेवा. आरपीएम वर जातंय आणि रोलरचा वेग जात नाही, तर क्लच घसरतोय, ट्यूनिंगचा प्रश्न नाही.

कागदावर छापलेल्या मोठ्या आकड्याला भुलू नका. एसएई दुरुस्ती, म्हणजे हवामानाचा फरक काढून टाकायचं ठरलेलं गणित, ९९ किलोपास्कल आणि २५ अंशांना धरून असते. पुण्याच्या किंवा सांगलीच्या उंचीला हवेचा दाब ९५ च्या आसपास; ३५ अंशांच्या दुपारी ही दुरुस्ती मोजलेल्या आकड्यात सुमारे सात टक्के मिळवते. टायमिंग लावताना दुरुस्त न केलेला टॉर्क बघा, आणि त्याच दिवसाच्या, त्याच डायनोच्या आकड्यांशीच तुलना करा.

म्हणजे पैशांचं गणितही सोपं होतं. आयडल, क्रूझ, कोल्ड स्टार्ट, घाटातलं इंधन सगळं रस्त्यावर करून गेलात तर डायनोवर फक्त टायमिंग आणि ४,७०० च्या वरचं इंधन उरतं, ते एका बैठकीत होतं. तिथे जाऊन हेडरची गळती सापडली तर तासाचे पैसे गळतीला गेले. जाताना प्लगचा नवा सेट, लॅपटॉपचा चार्जर, पेट्रोल फिल्टर, जुबिली क्लिपा आणि नेहमीच्या पंपाचं अर्धी टाकी पेट्रोल घेऊन जा. पुढचे टोइंग हूक गंजलेले असतील तर आधी बघा, पट्टे त्यांनाच लागतात. डिझेलच्या रीमॅपला यातलं फारसं काही लागू नाही, तिथे धूर, टर्बोचा दाब आणि एक्झॉस्टचं तापमान हे वेगळं शास्त्र आहे.

डायनोवरून आल्यावर पुन्हा रस्ता. पाय एकदम दाबला की येणारा खड्डा, म्हणजे अ‍ॅक्सिलरेशनचं जादा पेट्रोल, रोलरवर नीट कळत नाही. दुसऱ्या गिअरमध्ये २,००० वरून पाय पटकन अर्धा दाबा. लॅम्डा आधी १.२ वर उसळून मग खाली येत असेल तर सुरुवातीचं पेट्रोल वाढवा, सरळ ०.७५ ला बुडत असेल तर कमी करा. गरम इंजिन वीस मिनिटं बंद ठेवून परत सुरू करणं, पंखा चालू असताना सिग्नलवर आयडल, पावसाळ्यातली थंड सकाळ, हे सगळं घरीच होतं आणि त्याला दोन-तीन आठवडे लागतात.

पेट्रोलचं एक. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आपल्याच भागातला ऊस त्या वाटेने टाकीत येतो. त्याचं योग्य मिश्रण एका भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा असं नाही, साडेतेराच्या आसपास असतं. म्हणून मीटर एएफआरवर (या हवा-पेट्रोलच्या आकड्यावर) नको, लॅम्डावर लावा. लॅम्डा १ म्हणजे १ च, पेट्रोल कुठलंही असो. १० टक्के इथेनॉलवर केलेलं टेबल २० टक्क्यांवर साधारण चार टक्के लीन जातं. जुन्या एस्टीमच्या रबरी नळ्या आणि सील इथेनॉलसाठी बनवलेले नाहीत, त्या आधी बदला.

शेवटची गोष्ट खास साताऱ्यासाठी. इग्निशन चालू करून इंजिन बंद असताना एमएपी वाचा. साताऱ्यात तो १०० नाही, ९३ च्या आसपास दिसेल, कारण शहर समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या वर आहे. म्हणजे फुल थ्रॉटलला तुमचं इंजिन कायम ९० आणि १०० च्या ओळींच्या मध्ये चालतं, आणि १०० ची ओळ पूर्ण कधी वापरलीच जात नाही. पुण्याच्या डायनोवरही ती ९५ च्या पुढे जात नाही. ऑटोट्यून त्या ओळीत काहीतरी अर्धवट लिहून ठेवतं. मग एक दिवस गाडी कराडवरून कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला जाते, तिथे एमएपी १०० दाखवतो आणि कधीच न तपासलेली ओळ पहिल्यांदा पूर्ण कामाला लागते, तीही कोकणातल्या दमट उकाड्यात. म्हणून टेबलात ९३ ची एक वेगळी ओळ करा. १०० च्या ओळीत इंधनाचा आकडा ९३ च्या ओळीचाच ठेवा, टायमिंग एक-दीड अंश कमी लिहा, आणि चिपळुणात पहिल्यांदा उतराल तेव्हा लॉग चालू ठेवून चौथ्या गिअरमध्ये २,५०० पासून हळूच थ्रॉटल द्या. लॅम्डा ०.८७ च्या आसपास राहिला तर पुढे गुहागरपर्यंत गाडी निर्धास्त चालवा. ०.९२ च्या वर गेला तर त्या ओळीत पाच टक्के मिळवा आणि परत बघा.